तिसरा फर्मा

माझं एक पुस्तक आहे. 'आहे' म्हणावं की 'होतं' यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी ते स्वतःच छापून घेतलं. गोष्टींचं पुस्तक. प्रकाशनाला जे जे आले त्यांना एकेक प्रत आणि एकेक पेढा दिला. पेढे सगळे संपले, प्रती बऱ्याच खुर्च्यांवरच राहिल्या. त्या गोळा करून, उरलेल्या गठ्ठ्यांसोबत ऑटोत घालून मी सेलूच्या घरी आणल्या आणि माळ्यावर चढवल्या. तात्पुरत्या.

बायको दर दिवाळीला माळा झाडते. वर चढली की खाली मला विचारते, "ह्यांचं काय करायचं?" मी खालून म्हणतो, "राहू दे, मागणी येईल." मागणी आली ती एकदाच, वाळवीची. त्या वर्षी बायको वरून म्हणाली, "वाळवी लागलीय. झटकू का, का वाचू द्यायची तिला?" मी कॉलेजात मराठी शिकवतो, उपरोध मला शिकवता येतो. घरात तो पचवता येत नाही एवढंच.

खरं म्हणजे मागणी आणखी एक होती आणि तीच मी इतकी वर्षं चुकवत होतो. माझी मोठी बहीण, आमची आक्का, सोनपेठजवळच्या एका गावात दिलेली आहे. पुस्तक निघाल्याचं कळलं तसा तिनं फोन केला, "मला एक धाड." मी म्हणालो, "आक्का, संपलं गं. सगळ्या प्रती गेल्या. दुसरी आवृत्ती निघाली की पहिली तुला." ती इतकी खूष झाली की भावाचं पुस्तक हातोहात संपल्याची बातमी तिनं सोनपेठच्या आठवडी बाजारापासून गावातल्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचवली. तिच्या सासरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत नाहीत, म्हणून ती दरवर्षी सणाला आमच्याकडं येते. आली की पाय धुता धुता विचारायची, "निघाली का रे दुसरी?" मी म्हणायचो, "कागद महाग झालाय." आणि तिच्या बरोबर डोक्यावर, माळ्यात, पहिली आवृत्ती सुखानं झोपलेली असायची.

हे खोटं बोलायचं कारण म्हणजे पुस्तकातली एक गोष्ट. ती आक्काची होती.

मी तेव्हा सातवीत होतो. आक्काच्या लग्नाला दोन वर्षं झालेली. पंचमीला माहेरी आली ती महालक्ष्म्या उठल्या तरी परत जायचं नाव काढेना. नवरा हात उचलायचा, एवढं मला दाराआडून कळलं होतं. बाबांनी बरेच दिवस काही म्हटलं नाही आणि मग एका सकाळी सांगून टाकलं, उद्या जायचं. त्यांना शेतातून सवड नव्हती, म्हणून मला सोबत दिलं. सेलूच्या स्टँडवर सोनपेठच्या गाडीत तिला बसवून द्यायचं, पलीकडं तिचा सासरा उतरवून घेणार. गाडीला वेळ होता. तिनं मला स्टँडवरच्या हॉटेलात भजी घेऊन दिली, स्वतः काही खाल्लं नाही. गाडी लागली तेव्हा हातात पिशवी घेऊन तिनं मला विचारलं, "तू सांग. जाऊ का नको?" त्याच दिवशी आमच्या गावच्या गणपतीपुढं पडदा बांधून पिक्चर दाखवणार होते. मला चारची गाडी पकडायची होती, नाहीतर पुढची जागा जाणार होती. मी तोंडात भजं धरून म्हणालो, "जा की." ती गेली. मला पुढची जागा मिळाली. पिक्चर बरा होता.

पुढं लेखक झाल्यावर मी या प्रसंगात थोडी दुरुस्ती केली. गोष्टीतला भाऊ भज्यांना हातसुद्धा लावत नाही. तो म्हणतो, "आक्का, नको जाऊ." गाडी सुटते तसा तो मागं पळतो, स्टँडच्या फाटकापर्यंत पळतो, पडतो, गुडघा फुटतो, आणि मग ते वाक्य येतं: 'गुडघ्यातून रक्त नव्हतं येत, त्याचं बालपण ओघळत होतं.' परभणीच्या एका साहित्यिक मित्रानं हे वाक्य वाचून माझा हात हातात घेतला होता. मीही घेऊ दिला होता.

म्हणजे बहिणीच्या दुःखात मी स्वतःला हिरो करून घुसवलं होतं आणि वर टाळी घेतली होती. आक्कानं हे वाचलं तर काय होईल याची मला भीती वाटायची, अगदी खरी भीती. माझ्यावर इतका जीव टाकणारं माणूस मला दुसरं नाही. ते मला गमवायचं नव्हतं, म्हणून पुस्तक संपलेलं बरं होतं.

तर यंदा काय झालं, पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलीनं आईला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई जुन्या पुस्तकांची पानं फाडून त्यांचे गुलाब करत होती, तोरण करत होती, झुंबर करत होती. शेवटी तिच्या घरात एकही पुस्तक उरलं नसावं, पण घर फार सुंदर दिसत होतं. बायकोनं तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि मग माळ्याकडं बघितलं.

आमच्याकडं गणपतीपेक्षा महालक्ष्म्यांचा थाट मोठा. दोघी तीन दिवसांच्या पाहुण्या. पहिल्या दिवशी त्यांना साड्या नेसवून उभं करायचं, दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण, आणि त्याच दिवशी दुपारनंतर गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला. हळदीकुंकवाला येतात असं वर वर म्हणायचं. खरं तर आरास बघायला येतात, आणि ती आपल्या घरच्यापेक्षा सरस निघाली तर "छानय, साधीसुधी" असं म्हणून जातात. गेल्या वर्षी समोरच्या वहिनींनी लक्ष्म्यांच्या मागं मोटर लावून धबधबा केला होता, खऱ्या पाण्याचा. आमच्याकडं येऊन त्या "साधीसुधी" म्हणाल्या होत्या. बायकोनं वर्षभर ते मनात ठेवलं होतं.

"मला जुनी पुस्तकं पाह्यजेत," ती म्हणाली.

"रद्दीवाल्याकडून आण."

"त्याच्याकडं दहावीची गाईडं हायेत. देवीच्या मागं बीजगणित लावू का?"

"अगं, पण लेखकाच्या डोळ्यांदेखत त्याचं पुस्तक फाडायचं म्हणजे..."

"अहो, अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुमचं पुस्तक मागायलंय. देऊन टाका."

मी शिडी लावली. गठ्ठे खाली आले. व्हिडिओतली बाई पानं जुनी दिसावीत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवत होती. आमच्या पानांना त्याची गरज पडली नाही.

आता फाडायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्या घरात अक्षर असलेल्या कागदाला पाय लागला की तो उचलून डोळ्यांना लावतात. बायको तर एसटीच्या तिकिटाच्यासुद्धा पाया पडते. तिनं पहिला गठ्ठा पाटावर ठेवला, वर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडून म्हणाली, "सरस्वतीमाय, माफी कर, सणासाठी करायलेय," आणि मग जी फाडायला बसली ती टराटरा. खाली पडलेल्या कपट्यांना झाडू लावला नाही, सगळे हातानं वेचले. माझ्या पुस्तकाचा एवढा मान प्रकाशन समारंभातही ठेवला गेला नव्हता.

फुलं खरोखर चांगली होत होती. पान गोल कापायचं, चक्रीसारखं कातरत आत जायचं, गुंडाळायचं आणि बुडाला डिंक लावायचा. माझ्या एका गोष्टीत एक म्हातारा चार पानं मरत असतो, त्याचे दोन सुरेख गुलाब झाले. मी शेजारी बसून बघत होतो आणि वाईट वाटायच्या आधी मला एकदम आक्का आठवली. आक्का दोन दिवसांत येणार होती.

गुलाब झालेल्या पानाचं काही वाचता येत नाही, म्हणून फुलांची मला काळजी नव्हती. कुणी विचारलंच तर गाईडं म्हणून सांगता आलं असतं. पण न कातरलेली सुटी पानं घरभर पडली होती, त्यात ती एक गोष्ट तिच्या नजरेला पडायला नको होती. छापखान्यात सोळा पानं एकाच मोठ्या कागदावर छापून, तो दुमडून शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. माझ्या नशिबानं आक्काची गोष्ट तिसऱ्या फर्म्यात सुरू होऊन तिसऱ्यातच संपत होती. मी बायकोला म्हणालो, "थांब, मी मदत करतो." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं असावं. ती सरकून बसली. मी प्रत्येक प्रतीचा दोरा ओढायचो, तिसरा फर्मा काढून घ्यायचो आणि बाकीचं पुस्तक तिच्याकडं द्यायचो.

"हे कशाला काढायलाव?"

"छपाई पुसट आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं, फर्म्याकडं बघितलं, आणि पुढचं फूल घेतलं.

संपल्यावर फर्म्यांचा चांगला जाड गठ्ठा झाला. जाळायचा विचार मनात आला, पण अक्षराचा कागद चुलीत घालत नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते बालपणाचं वाक्य माझ्या हातून जाळवलं नसतं. मग लपवायचा कुठं? सणाच्या साफसफाईत घर उलटंपालटं झालं होतं. कपाटं रिकामी, दिवाण उघडा, माळा तर मोकळाच केलेला. हात न लागणारी जागा एकच उरली होती, देवघर. तिथली साफसफाई आधीच होऊन सगळं मांडून झालं होतं. मी गठ्ठा नेऊन देवांपुढच्या रिकाम्या पाटावर ठेवला. सुटू नये म्हणून बांधायला काही शोधलं तर पूजेच्या डब्यातला लाल नाडा सापडला, तो गुंडाळला. खिडकीतून वारं येत होतं, म्हणून वर तिथलाच एक नारळ ठेवला. आणि हात झटकून, फार हुशारी केल्याच्या समाधानात, मी झोपलो.

दुसरा दिवस कॉलेजात परीक्षेच्या ड्यूटीत गेला. परतताना केवडा, ऊस आणि सोळा भाज्यांपैकी राहिलेल्या पाच आणायच्या होत्या. घरी आलो तेव्हा लक्ष्म्या उभ्या झाल्या होत्या. दोन्ही बाजूंना गुलाबांच्या माळा, वर तोरण, मध्ये झुंबर. मागं मात्र नुसता निळा पडदा होता. बायको म्हणाली, "मागचं खास काम उद्या सकाळी. तवर बघू नका." मला वाटलं, लायटिंग असेल.

सकाळी मी आक्काला आणायला स्टँडवर गेलो. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आक्काला बरीच वर्षं नीट दिसत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मीच तिला परभणीला नेऊन तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढवून आणले. भाऊ म्हणून मी आयुष्यात जी दोनचार चांगली कामं केली त्यातलं हे एक, आणि ते करून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. स्कूटरवर मागं बसून ती वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत आली. "जिनिंग अँड प्रेसिंग. सोनोग्राफी. येथे फॉल-बीडिंग करून मिळेल. किती बारीक लिव्हलंय रे, तरी दिसायलंय." मी म्हणालो, "हो का, छान."

घरात पाय ठेवला आणि मी उंबऱ्यातच थांबलो.

दोन्ही लक्ष्म्यांच्या मागून बाजूंना खालपर्यंत पसरलेली मोठी प्रभावळ उभी केली होती, मोराच्या पिसाऱ्यासारखी, सगळी अख्ख्या, न मुडपलेल्या पानांची. चुरगाळलेलं एकही नाही. पानामागं पान, एक, दोन, तीन, क्रमानं लावलेली. कडा सोनेरी रंगवलेल्या. पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर अक्षरं येतील अशा उंचीवर.

"हे कुठलं?" मी विचारलं.

बायको पदरानं हात पुसत जवळ आली. ती हळू, जरा लाजून बोलली. असं ती माझ्याशी क्वचितच बोलते. "तुमीच देवापुढं काढून ठेवलेलं की. लाल नाडा बांधून, नारळ ठेवून. मला म्हणले छपाई पुसट हाय. मी म्हणलं, तोंडानं कबूल करणार न्हाईत, पर सगळ्यात आवडीची पानं ह्यांनी देवीला वाहिलीत. मग ती फुलात कशी मुरगाळायची? वाचता येतील अशीच लावली."

तिचा काही दोष नव्हता. ज्वारीचं पहिलं कणीस असो की कढईतली पहिली करंजी, आमच्या घरात जे बाजूला काढून देवापुढं ठेवलं ते देवाचं, त्याला 'का' विचारत नाहीत. हे मी जन्मापासून बघत आलो होतो. लपवायची जागा म्हणून मला नेमकी तीच सुचली, यावरून मी किती हुशार आहे ते दिसतं. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बायको माझ्या भक्तीवर आणि साहित्यावर एकाच वेळी खूष झाली होती, तेव्हा तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

आक्का पाया पडली. मग मान वर करून म्हणाली, "कशाची गं ही पानं?"

"ह्यांच्याच पुस्तकाची की, आक्का. माळ्यावर गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते."

आक्का माझ्याकडं वळली. "संपलं हुतं न्हवं?"

"ही दुसरी आवृत्ती," मी म्हणालो.

"असं होय," आक्का म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

जेवणात पुरणपोळी होती, सोळा भाज्यांची भाजी होती, आंबील होती. मी काय खाल्लं ते मला सांगता येणार नाही. जेवणं झाल्यावर बायका यायला लागल्या. एरवी हळदीकुंकवाच्या वेळी मी घरात थांबत नाही. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात दुधाचे पेले मांडत उभा राहिलो.

सगळ्यात आधी समोरच्या वहिनी आल्या. गुलाब बघितले, झुंबर बघितलं, मग कुंकू लावून घ्यायला खाली बसल्या आणि डोळ्यांसमोर पान आलं. त्यांचे ओठ हलायला लागले. "साधीसुधी" म्हणायचं त्या विसरल्या. मागून आलेल्या दोघी त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागल्या. थोड्या वेळानं लक्ष्म्यांपुढं आठदहा बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि वहिनी मोठ्यानं वाचत होत्या. अकरा वर्षांत जे पुस्तक कुणी उघडलं नाही ते माझ्या डोळ्यांदेखत बायका वाचत होत्या. खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. ही लेखकाची जात अशीच.

"'गुडघ्यातून रक्त नव्हतं येत, त्याचं बालपण ओघळत होतं,'" वहिनींनी वाचलं आणि थांबल्या. "म्हंजे काय येत होतं?"

"काय बी असो, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला पाह्यजे होतं पोराला," दुसरी म्हणाली.

तरी दोघींनी डोळ्यांना पदर लावला होता. मग वहिनींचं बोट एका ओळीवर थांबलं. गोष्टीत मी गावाचं नाव बदललं होतं, बहिणीचं वय बदललं होतं, पण 'आक्का' तशीच राहिली होती आणि गाडीची पाटीही तशीच.

"हितं बी आक्काच हाय, आन् गाडी बी सोनपेठची. आक्का, तुमच्याकडचीच का ओ ही बाई?"

मी हातातला पेला खाली ठेवला. आक्का एका मुलीला कुंकू लावत होती. तिनं ते नीट गोल लावलं, बोट पुसलं.

"सोनपेठला लय जणी दिल्यात," ती म्हणाली.

बायका गेल्या. बायको त्यांना पोचवायला गेली ती समोर धबधब्याची काय अवस्था आहे ते बघायला गेली. आक्का उठली नाही. ती पहिल्या पानापुढं सरकून बसली आणि वाचायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली, एकेका शब्दावर बोट ठेवून. एक पान झालं की गुडघ्यांवर सरकत पुढच्यापुढं जायची. मी तिच्यामागं भिंतीला टेकून बसलो. तिची पाठ हलते का, हात थांबतो का, बघत राहिलो. शेवटचं पान झाल्यावर तिनं समईतली वात सारखी केली.

"पोरगा लय गुणाचा हाय गोष्टीतला."

मी भिंतीवरून पाठ काढून सरळ बसलो.

"असा भाऊ पाह्यजे माणसाला."

"आक्का," मी म्हणालो, "मी असं नव्हतो म्हणालो. मी 'जा की' म्हणालो होतो."

"मला काय सांगायलास? मी तिथंच हुते की." ती अजून समईकडंच बघत होती. "तोंडात भजं हुतं तुझ्या."

मला इतकी लाज वाटली की मी बचावाला जे पहिलं हाती लागलं ते पुढं केलं. "गावात पिक्चर होता त्या दिवशी. चारच्या गाडीनं जायचं होतं मला."

आता ती वळली. "पिक्चर हुता?"

"हो."

"हे मला ठावं नव्हतं," ती म्हणाली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. बराच वेळ हसली, डोळे पुसले, आणि मग तिचा चेहरा पुन्हा जागेवर आला.

"बाबाला ईचारायची सोय नव्हती. मायला ईचारलं तर ती रडत बसायची. राह्यलास तू. म्हणून तुला ईचारलं. तू नको म्हणला असतास तरी गेलेच असते मी, बाबानं ठरवलं हुतं. पर कुणीतरी नको म्हणलेलं कानात घेऊन गेले असते."

"रागावली होतीस?"

"तवा रागावले हुते. मग लेकरं झाली, ते बी माणूस जरा नरमलं, राग धरून बसायला येळ कुठं हुता." तिनं पदर सावरला. "आता ते पुस्तक दे मला एक. दुसरी आवृत्ती का काय ती."

माळ्यावरच्या सगळ्या प्रतींतून तिसरा फर्मा मीच उपटला होता आणि बाकीचं बायकोनं कातरलं होतं. धड अशी एकच प्रत घरात होती, माझ्या टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेली. ती आणून मी आक्काच्या हातात दिली.

"आता खरंच संपलं," मी म्हणालो.

"बरं झालं. परत काढशील तवा त्यात भज्याचं घाल."

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या. बायकोनं आक्काची ओटी भरली, पोळ्या बांधून दिल्या. समोरच्या वहिनींनी दोन गुलाब मागून नेले होते, त्यामुळं बायको मोठ्या तोऱ्यात होती. मी आक्काला स्कूटरवर स्टँडवर सोडायला गेलो. हॉटेल बदललंय, पण त्या जागी अजून भजी तळतात. आक्का तिकडं बघून म्हणाली, "खातोस का?" मी म्हणालो, "शुगर आहे मला." ती म्हणाली, "बरं हाय, शिक्षा झाली म्हणायची."

सोनपेठची गाडी लागली. तिला खिडकीची जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत पोळ्या आणि पुस्तक. या वेळी तिनं मला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. घरी सून वाट बघत होती, नातवाची शाळा होती. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, वळवली. मी दरवर्षीसारखा हात वर करून उभा होतो. गाडी फाटकाकडं निघाली आणि मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. मी चालायला लागलो आणि मग पळायला लागलो.

चौपन्नाव्या वर्षी, पोट सांभाळत, एका पायातली चप्पल मागं टाकून मी सेलूच्या स्टँडवर एसटीमागं पळालो. रसाच्या दुकानापाशी माझे दोन विद्यार्थी उभे होते. त्यांनी हातातले पेले खाली ठेवले. फाटकात एक ऑटो आडवा आला म्हणून गाडी हळू झाली, एरवी मी पोचलो नसतो. खिडकीखाली जाऊन मी पत्र्यावर थाप मारली. कंडक्टरला वाटलं प्रवासी राहिला, त्यानं एक घंटी मारली आणि गाडी थांबली.

"चढायचं का सर? मग दारातून या की, पत्रा कशाला बडवायलाव?"

सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर बघत होती. मागं दुसऱ्या गाडीनं हॉर्न लावला. मला धाप लागली होती आणि तीन शब्द तीन तुकड्यांत निघाले.

"आक्का. नको. जाऊ."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मी इतकी वर्षं हे वाक्य छापून माळ्यावर ठेवलं होतं. ते तिच्यासमोर म्हणायला मला एवढा उशीर झाला याचं मला फार वाईट वाटत होतं आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार. तिचे डोळे भरले. नवे डोळे, त्यांना अजून थेंब टाकायचे असतात, पाणी चालत नाही, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

"मावशी, उतरायलाव का?" कंडक्टर दाटीतून पुढं येत म्हणाला. "उतरायचं असंल तर लवकर, गाडी रस्त्यात हाय."

"न्हाई," आक्का म्हणाली. तिनं खिडकीच्या गजांतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, जरा दाबून. "ऐकलं मी."

मग ती कंडक्टरकडं वळली.

"चला आता," ती म्हणाली, आणि त्यानं दोनदा घंटी मारली.